कॅम्परच्या गॅस ओव्हनला ठिणगीचा लायटर: आधी जागा, बटण सगळ्यात शेवटी

तोरणमाळला यशवंत तलावाजवळ कॅम्पर, म्हणजे आत राहायची-रांधायची सोय असलेली गाडी, लावलीय. वरण शिजलंय, वांग्याची भाजी झाकून ठेवलीय आणि बट्ट्या भाजायला ओव्हन काही पेटत नाही. वारा काडी विझवतो. तिसरी काडी ओढेपर्यंत नॉब दाबलेलाच राहतो, गॅस ओव्हनच्या तळाशी साचत जातो आणि चौथी काडी पेटली की भप्पकन भडका दारातून बाहेर येतो. माझ्या उजव्या हाताचे केस कोपरापर्यंत असेच गेले. चूक माझीच होती.

परत आल्यावर लायटर बसवला. तोही पहिल्यांदा चुकलाच. नंतर ओळखीच्या दोन-तीन गाड्यांत पाहिलं तर सगळीकडे तीच चूक. लोक आधी पॅनेलला भोक पाडून छान बटण बसवतात, मग वायर पुरेल तिथे ठिणगी पाडणारी पिन अडकवतात. ठिणगी एकीकडे आणि गॅस दुसरीकडे. बटण दाबून दहा सेकंद टकटक चालते आणि तेवढा वेळ गॅस साचत राहतो. असा लायटर काडीपेक्षा वाईट. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

आधी ओव्हन ओळखा

ओव्हनच्या तळाचा पत्रा काढून बर्नर नीट बघा. तीनपैकी एक प्रकार दिसेल.

पहिला: बर्नरच्या एका टोकाला बोटभर लांबीची धातूची कांडी ज्योतीत घुसलेली दिसते आणि तिच्यामागे बारीक तांब्याची नळी वळत वळत नॉबकडे जाते. हे थर्मोकपल. ज्योतीने तापलं की त्यात काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत विझली की व्हॉल्व्ह आपोआप बंद. हे ओव्हन पेटवताना नॉब दाबून धरावा लागतो तो याचसाठी.

दुसरा: मुख्य बर्नरशेजारी छोटी पायलट ज्योत असते. आधी ती पेटवायची, तिने शेजारचा बल्ब (दिव्याचा नव्हे, उष्णता ओळखणारी धातूची बारीक कांडी) तापला की मग मुख्य बर्नरला गॅस सुटतो. अमेरिकन घडणीच्या कॅम्परमधले जुने ओव्हन बरेचदा असेच असतात. इथे ठिणगी पायलटपाशीच हवी, मुख्य बर्नरपाशी नको.

तिसरा: यातलं काहीच नाही. नॉब फिरवला की गॅस, विझला तरी गॅस.

थांबा: तिसऱ्या प्रकाराला लायटर बसवू नका. चालत्या-थांबत्या गाडीत ज्योत विझल्यावर गॅस बंद न करणारा ओव्हन मुळात ठेवूच नये. त्यावर पैसे घालायचेच असतील तर सेफ्टी व्हॉल्व्हसह थर्मोकपल गॅसच्या जाणत्या मेकॅनिककडून बसवून घ्या. ठिणगीचं नंतर बघू.

१. सामान: काय घ्यायचं आणि काय नाही

ठिणगीचे दोन प्रकार आपल्या कामाचे. एक पिझो: बटण जोरात दाबलं की आतली हातोडी स्फटिकावर आपटते आणि एक ठिणगी पडते, सेल लागत नाही. दुसरा पल्स: १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल टाकायचा, बटण दाबून धरलं की टकटकटक ठिणग्या पडत राहतात.

ओव्हनला मी पल्सच घेतो. एका हाताने नॉब दाबून धरायचा असतो, त्यात दुसऱ्या हाताने पिझो पुन्हा पुन्हा ठोकत बसणं जमत नाही. वर्षातून एकदा-दोनदाच गाडी बाहेर काढत असाल तर मात्र पिझो बरा, कारण पडून राहिलेला सेल मे महिन्यात हमखास पाझरतो.

शेगडी दुरुस्तीच्या दुकानात जा आणि एका तोंडाचा, म्हणजे एकाच पिनला वायर जाणारा पल्स मागा. दोन किंवा चार तोंडांचा स्वस्तात मिळाला तरी नको. मोकळ्या सोडलेल्या तोंडाची ठिणगी भलतीकडेच उडी मारते.

बाकी यादी: चिनीमातीच्या अंगाची इग्निशन पिन, तिच्याबरोबरची सिलिकॉनची जाड वायर, फायबरग्लासची नळी, १ मिमी जाडीची स्टीलची पट्टी, ४ मिमीचे स्टीलचे स्क्रू, स्प्रिंग वायसर, पॉलिश पेपर, ४ मिमीचा ड्रिल बिट आणि चिकटपट्टी.

दोन गोष्टी दुकानदार आग्रहाने गळ्यात मारतील. एक, गॅस गिझरचं सर्किट. ते नुसती ठिणगी देत नाही, पाण्याच्या दाबावर स्वतःचा गॅस व्हॉल्व्हही उघड-बंद करतं. ओव्हनला त्याचा उपयोग नाही. दुसरी, गॅल्व्हनाइझ्ड पत्र्याची पट्टी. तापली की जस्ताचा धूर सुटतो आणि बट्ट्या तिथेच भाजायच्या आहेत. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि पॉप रिव्हेटही नको, बर्नरजवळच्या उष्णतेत ते मऊ पडतात.

२. ज्योत पहिल्यांदा कुठे धरते ते बघा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि सगळं काम यावरच उभं आहे.

ओव्हनचं दार उघडं ठेवा, गाडीची दारं-खिडक्या उघडा, लांब नळीचा किचन लायटर घ्या आणि ओव्हन नेहमीसारखा पेटवा. पेटवताना नजर बर्नरवर. ज्योत कुठल्या भोकावर आधी धरते आणि तिथून कुठल्या दिशेने पळत जाते? दोन-तीनदा पेटवून बघा. दोन पेटवण्यांमध्ये नॉब बंद करून पाच मिनिटं दार उघडं ठेवा. बऱ्याच ओव्हनांत बर्नरवर पत्र्याचं झाकण असतं आणि त्याला पुढच्या बाजूला एकच खिडकी कापलेली असते. काडी तिथूनच घालायची असते, म्हणजे पिनही तिथेच.

थर्मोकपल बहुतेक वेळा त्याच्या आसपासच असतं. कारण सरळ आहे: ज्योत आधी जिथे येते, तिथेच ती आहे की नाही हे कळायला हवं.

जागा मनात पक्की झाली की ओव्हन बंद करा. फोटो काढून ठेवा. थंड झाल्यावर त्या भोकाशेजारी पेन्सिलने खूण करा.

३. गॅस बंद करा, नळीतलाही संपवा

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. वरच्या शेगडीचा एक बर्नर पेटवा आणि नळीत राहिलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या. मग सगळे नॉब बंद, रेग्युलेटर सिलिंडरवरून काढा आणि सिलिंडरला टोपण लावा. ड्रिल चालवणार आहात, तेव्हा गाडीच्या १२ व्होल्टच्या लाइनचा फ्यूजही काढा. ओव्हन पूर्ण थंड व्हायला किमान तासभर द्या.

एलपीजी हवेपेक्षा जड आहे, साधारण दीडपट ते दुप्पट. तो वर न जाता जमिनीलगत पसरतो, म्हणून नुसती खिडकी उघडून काही होत नाही. गाडीच्या तळाला गॅस निघून जायला भोक आहे का आणि ते चिखलाने बुजलं नाही ना, हे वाकून बघा. काळ्या मातीच्या रस्त्यावरून पावसात आलेल्या गाडीचं हे भोक मी दोनदा खिळ्याने मोकळं केलंय.

तपासा: वास येतोय का? येत असेल तर काम तिथेच थांबवा. दिव्याचं किंवा पंख्याचं बटणही दाबू नका, माणसं बाहेर काढा. गळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर करता येते.

४. पिन बसवणं

आधी बर्नरची सगळी भोकं चिकटपट्टीने झाका. ड्रिलचा चुरा एका भोकात जरी गेला तरी तिथली ज्योत कायमची वाकडी येते.

काही ओव्हनांना पिनसाठी कारखान्यातूनच भोक असतं आणि त्यात टोपण बसवलेलं असतं. तेच मॉडेल लायटरसह आणि लायटरशिवाय असं दोन्ही विकलं जातं म्हणून. ते सापडलं तर निम्मं काम वाचलं.

नसेल तर स्टीलच्या पट्टीचा काटकोनी कोन वाकवा. तो बर्नरच्या आधाराच्या पत्र्याला स्क्रूने बसवायचा. बर्नरला, जेटला (बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक तोंड) किंवा गॅसच्या नळीला भोक पाडायचं नाही, कुठल्याही परिस्थितीत. पत्र्याला भोक पाडण्याआधी मागे हात घालून चाचपा: गॅसची नळी, थर्मोकपलची तांब्याची नळी किंवा गाडीची वायरिंग मागूनच गेलेली असू शकते.

आता मोजमाप. पिनचं टोक आणि बर्नरचा धातू यांत ३ ते ४ मिमी अंतर हवं. त्यासाठी पट्टी घेऊन डोळे बारीक करत बसू नका. ४ मिमीचा ड्रिल बिट पिन आणि बर्नरच्या मध्ये सरकवा: हलका घासत जायला हवा. अडकला तर अंतर कमी आहे, सैल पडला तर जास्त.

कोरड्या हवेत १ मिमी ओलांडायला साधारण ३ हजार व्होल्ट लागतात असा ढोबळ हिशोब आहे. अंतर ८ मिमी ठेवलंत तर बिचारी ठिणगी सोपा रस्ता शोधते, म्हणजे पिनच्या मुळाशीच पट्टीवर उडी मारते. म्हणून टोकाचं बर्नरपासूनचं अंतर सगळ्यात कमी हवं आणि पिनचा उघडा धातू इतर कुठल्याही धातूपासून त्याच्या दुप्पट तरी लांब हवा. थर्मोकपलपासून तर नक्कीच. ठिणगी थर्मोकपलवर पडू लागली तर ते लवकर खराब होतं, आणि त्यावर तर सगळ्यांचा जीव अवलंबून आहे.

टोक भोकाच्या अगदी तोंडासमोर नको, किंचित बाजूला हवं. गॅसची धार त्या ४ मिमीच्या फटीतून जायला हवी, पण पेटल्यावर टोक ज्योतीच्या पोटात राहायला नको. पोटात राहिलं तर महिनाभरात काजळी धरते.

टोक वाकवावं लागलं तर पक्कडीने सळईच धरा, चिनीमातीला ताण देऊ नका. स्क्रूही फार आवळू नका, पिन हलणार नाही एवढंच. चिनीमातीला केसाएवढी चीर पडली तरी डोळ्यांना दिसत नाही, ठिणगी मात्र तिथूनच निसटते. माझी पहिली पिन अशीच गेली आणि मी चार दिवस पल्सलाच शिव्या घालत होतो.

स्प्रिंग वायसर विसरू नका. धुळे ते भुसावळ गाडी चालवून बघा, न आवळलेला प्रत्येक स्क्रू हिशोब मागतो.

५. वायर नेणं

पल्सपासून पिनपर्यंतची वायर जितकी आखूड तितकी ठिणगी जोरदार. उरलेल्या वायरचं वेटोळं करून आत कोंबू नका, पुरेशी ठेवून बाकी कापा.

सिलिकॉनची वायर साधारण १८० ते २०० अंशांपर्यंत टिकते. ओव्हनचा आतला भाग २५० अंशांच्या घरात जातो. म्हणून वायर ओव्हनच्या पोटातून कधीच नेऊ नका. तळाच्या पत्र्याखालून, बर्नरच्या बाजूने लगेच बाहेर काढा आणि पहिला वीतभर भाग फायबरग्लासच्या नळीत घाला. पत्र्यातून जाते त्या भोकाच्या कडा कानशीने गोल करा.

वायर पत्र्याला घासत किंवा थर्मोकपलच्या नळीला गुंडाळून नेऊ नका. बांधायला प्लास्टिकच्या पट्ट्या चालणार नाहीत, स्टीलच्या क्लिपा लावा.

६. अर्थिंग

ठिणगी पिनवरून बर्नरवर उडते, पण वीज पल्सपर्यंत परत यायला रस्ता लागतो. पल्सची अर्थची वायर ओव्हनच्या बॉडीला जोडा. जिथे जोडाल तिथला रंग पॉलिश पेपरने उघडा होईपर्यंत घासा. रंगीत पत्र्यावर स्क्रू आवळून "ठिणगीच पडत नाही" म्हणणारे सगळ्यात जास्त. बर्नर आणि बॉडी एकमेकांना जोडलेले आहेत का हे मल्टिमीटरची पीप वाजवून बघून घ्या.

७. आता पल्स आणि बटण

पल्सची डबी गार जागी हवी: ओव्हनच्या वर नको, मागे नको, कंट्रोल पॅनेलच्या बाजूला बरी. सेल हाताने काढता येईल अशी ठेवा.

थांबा: बटण किंवा डबी सिलिंडरच्या कप्प्यात बसवू नका, फरशीलगतही नको. गळालेला गॅस तिथेच साचतो आणि दोन्ही गोष्टी ठिणगी पाडणाऱ्या आहेत.

नॉब फिरवला की आपोआप ठिणगी पडेल असा स्विच लावायचा मोह होईल, घरच्या शेगडीला असतो तसा. ओव्हनला वेगळंच दाबायचं बटण ठेवा. गाडीत लहान मुलं नॉबशी खेळतात.

८. अंधारातली चाचणी, गॅसशिवाय

बर्नरवरची चिकटपट्टी काढा, चुरा ब्रशने झाडून घ्या. सिलिंडर अजून बंदच आहे. रात्र होऊ द्या किंवा खिडक्यांना पडदे लावा. सेल टाका, बटण दाबा आणि बघा.

निळसर पांढरी रेघ पिनच्या टोकावरून बर्नरवर, दर वेळी एकाच जागी पडायला हवी. पंधरा-वीस टकटकी मोजा. त्यातल्या चार-पाच जरी मागे पत्र्याआड चमकल्या तरी काम झालेलं नाही. आवाज येतो पण चमक दिसत नाही, याचा अर्थ ठिणगी वाटेतच कुठेतरी निसटतेय. आवाजाच्या दिशेने डोळे न्या, जागा सापडते.

या वेळी पिनला किंवा वायरला हात लावू नका. झटका जीवघेणा नसतो, पण दचकून हात मागे जातो आणि पत्र्याची धार लागते. हे मी नुसतं ऐकलेलं नाही.

९. साबणपाणी

हे काम नीट केलं तर गॅसचा एकही जोड उघडावा लागत नाही. तरीही ओव्हन हलवलेला असतो, नळी ओढली गेलेली असते. रेग्युलेटर लावा, सिलिंडर उघडा, ओव्हनचा नॉब बंद ठेवा आणि प्रत्येक जोडावर भांड्याच्या साबणाचा फेस ब्रशने लावा. मिनिटभर थांबा. बुडबुडा फुगत असेल तर गळती. काडी लावून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत. आमच्या गल्लीतलाच एक मला म्हणाला होता, "भो, इतलं काय! माचिस लाव, व्हई जाई."

फेस पिनवर उडू देऊ नका. रबरी नळीवर छापलेलं वर्षही याच वेळी बघा, सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते.

ओव्हन बाहेर काढताना जोड उघडावाच लागला असेल तर तो परत जोडायचं काम मेकॅनिककडे द्या.

१०. पहिली पेटवणी

क्रम असा: ओव्हनचं दार पूर्ण उघडं. तोंड बाजूला, दारासमोर नाही. एका हाताने बटण दाबा, टकटक सुरू होऊ द्या. मग दुसऱ्या हाताने नॉब फिरवून दाबा. आधी ठिणगी, मागून गॅस. उलटं केलंत तर तोरणमाळची गोष्ट पुन्हा घडेल.

नळीत हवा असल्याने पहिल्यांदा वेळ लागू शकतो. तरीही पाच सेकंदांत नाही पेटलं तर नॉब बंद, बटण बंद, दार उघडंच ठेवून पाच मिनिटं थांबा. मग पुन्हा. तीनदा नाही झालं तर पिनची जागा चुकलीय, टप्पा २ कडे परत जा.

पेटल्यावर बटण सोडा, नॉब १० ते २० सेकंद दाबून धरा आणि सोडा. ज्योत टिकली पाहिजे. पायलटवाल्या ओव्हनला आधी पायलट पेटतो, मुख्य बर्नर धरायला आणखी थोडा वेळ जातो. तेव्हा घाई नको आणि बटणही नको.

तपासा: पाच मिनिटं चालवून नॉब बंद करा आणि कान द्या. मिनिटभरात व्हॉल्व्हचा "टक" असा आवाज आला म्हणजे सेफ्टी जागी आहे. मग तापलेल्या ओव्हनमध्येच पुन्हा एकदा पेटवून बघा. गार असताना बरोबर आणि तापल्यावर चूक असं होतं, कारण धातू प्रसरण पावतो आणि तुमचे ४ मिमी बदलतात.

नंतर कुठे बिघडतं

ठिणगी मंद झाली, टकटक हळू झाली: सेल बदला. नव्या सेलनेही तसंच असेल तर अर्थचा स्क्रू गंजलाय.

पावसाळ्यात सातपुड्यात गाडी उभी होती आणि सकाळी ठिणगी नाही: पिनच्या चिनीमातीवर दमट थर बसतो. कोरड्या फडक्याने पुसा. फुंकर मारू नका, फुंकरीत वाफच असते.

ठिणगी पडते, गॅस येतो, तरी पेटत नाही: बर्नरच्या त्याच भोकात धूळ किंवा कोळ्याचं जाळं असतं. ज्योतीची टोकं पिवळी दिसू लागली तर तोच संशय धरा, दातकोरणीने साफ करा. जेटमध्ये मात्र तार घालू नका, भोक मोठं होतं.

पेटतो पण नॉब सोडला की विझतो: हा लायटरचा दोष नाही. थर्मोकपलचं टोक ज्योतीत आहे का बघा, काम करताना ते सरकलेलं असतं.

एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि उभ्या गाडीच्या आत त्याहून जास्त. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पल्समधला सेल काढून डबीलाच चिकटपट्टीने लावून ठेवा. मी एकदा तो वेगळ्या डब्यात जपून ठेवला आणि डबा घरी राहिला. त्या रात्री पाटणादेवीला बट्ट्या तव्यावर भाजल्या. मधे कच्च्याच राहिल्या.